सीलबंद नमुना

१

कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. आतलं दप्तर तेवढं नव्हतं.

काकू कपाटासमोर स्टुलावर बसून रिकाम्या फळीकडे टक लावून बघत होत्या. मिस्तरीण दारातच थबकली. गेली बावीस वर्षं ती या भागातल्या शिवणाच्या मशिनांची दुखणीखुपणी काढत होती आणि सकाळी नऊ वाजता काकूंची सहाही मशिनं गप्प असलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

"नमुना गेला गं," काकू म्हणाल्या.

नमुना म्हणजे एक शाळेचं दप्तर. तीन महिन्यांपूर्वी टाय लावलेले एक साहेब ते घेऊन आले होते. आठशे दप्तरांची ऑर्डर, रेक्झिन कंपनीचं, शिलाई काकूंची. पारदर्शक पिशवीत बंद केलेलं ते दप्तर, पिशवीच्या तोंडाला लाल सील. 'परदेशातल्या फॅक्टरीचा माल आहे. सील तोडायचं नाही. हुबेहूब असा माल हवा.' करारात बारीक अक्षरांत आणखी एक कलम होतं. माल नापास झाला, तर रेक्झिनच्या भरपाईपोटी कारखान्यातली मशिनं कंपनी उचलणार.

काकूंनी आणि त्यांच्या चार बायकांनी पाठीचा काटा ढिला होईस्तोवर काम केलं. काल कंपनीचा तपासनीस आला. त्यानं आठशेतली तीन दप्तरं उलटीपालटी केली, पिशवीतल्या नमुन्याकडे एक नजर टाकली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "शिलाई जुळत नाही. नापास." झालं! आज चार वाजता टेंपो येणार होता. नवरा गेल्यावर एकेक करून उभी केलेली सहा मशिनं त्यात चढणार होती आणि चार बायका घरी बसणार होत्या.

मिस्तरिणीचं डोकं फिरलं. डोकं फिरलं की तिचे हात कामाला लागत. सगळ्यात जुन्या मशिनाचं, ज्याला काकू थोरली म्हणत, तिनं बाजूचं झाकण काढलं, आत तेल सोडलं आणि झाकणाच्या आतल्या अंगाला टोच्यानं आजची तारीख कोरली. वर अशाच बारीक तारखांची रांग होती. ही तिच्या वडिलांची रीत. ते झाकण तिच्याशिवाय कुणी उघडत नसे, त्यामुळे मशिनाच्या मालकांनाही हा प्रकार ठाऊक नव्हता.

"किल्ली कुठे होती?"

"आरशामागे, खिळ्याला. नेहमीसारखी. काल संध्याकाळी औषध आणायला अर्धा तास गेले होते, दार नुसतं ओढून घेतलं होतं."

"कंपनीनं नेला असेल?"

"त्यांच्याशिवाय कोण नेणार?"

"त्यांना चोरायची गरज काय, काकू? त्यांनी नापास म्हटलं की विषय संपला." मिस्तरिणीनं झाकणाचा स्क्रू आवळला. "ज्यानं नेला, त्याला तो कुणीतरी नीट बघू नये असं वाटत होतं. मी आज बघायला येणार, हे कुणाकुणाला सांगितलं होतंत?"

काकू विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा उतरला.

"तिघांनाच. काल समाचाराला आले होते. भाऊजी, दोरेवाला आणि आपले मास्तर."

म्हणजे चोर इथेच बसून चहा पिऊन गेला होता.

२

भाऊजी म्हणजे काकूंचे धाकटे दीर. करारावर साक्षीदार म्हणून सही त्यांचीच. 'वहिनी, अशी संधी पुन्हा येत नाही,' हे वाक्यही त्यांचंच. शिवाय ही जागा कुणाला तरी व्यायामशाळेसाठी भाड्यानं द्यावी, असं टुमणं त्यांनी वर्षभर लावलं होतं. मशिनं गेली की जागा आपोआप मोकळी. चोर ठरवायला एवढं पुरेसं होतं, आणि मिस्तरिणीला ते मनापासून आवडतही नसत.

ते घरी नव्हते. पहाटेच स्कूटर काढून गेले, असं शेजारणीनं सांगितलं. मिस्तरीण फाटकापाशी ठाण मांडून बसली. अकराच्या सुमारास स्कूटर आली. धुळीनं भाऊजींच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"पळून चालला होतात का?" मिस्तरिणीनं आडपडदा ठेवलाच नाही.

"पळून? मी?" भाऊजी स्कूटर लावायचं विसरले. ती कलंडली. "कंपनीचं ऑफिस शोधायला गेलो होतो. करारावर पत्ता आहे ना, दुसरा मजला, खोली सात. तिथे केस कापायचं दुकान आहे! दुकानदार म्हणाला, या महिन्यात असं विचारत आलेले तुम्ही चौथे. वर मला म्हणतो, आलाच आहात तर दाढी करून जा."

"केलीत?"

"केली," भाऊजी खजील होऊन म्हणाले. "पाय गळून गेले होते, बसायला खुर्ची हवी होती."

गाल खरोखर गुळगुळीत होता. मिस्तरिणीला हसू आलं, पण क्षणभरच. म्हणजे कंपनी नावाची गोष्टच नव्हती.

"मी वहिनीला खड्ड्यात घातलं," भाऊजी म्हणाले. "जागेचा लोभ होता, नाही म्हणत नाही. पण मशिनं जावीत असं नव्हतं गं. दादा गेल्यावर वहिनीनं एकेक करून जमवलेली आहेत ती."

"मग नमुना तुम्ही नाही नेला?"

"त्या नमुन्यावर तर मी वकिलाकडे जाणार होतो. तोच पुरावा होता."

हे पटण्यासारखं होतं. मिस्तरीण उठली तसं भाऊजींनी तिला थांबवलं.

"एक सांगायचं राहिलं. काल वहिनी औषधाला गेली, तेव्हा मी दोरेवाल्याला कारखान्यातून बाहेर पडताना पाहिलं. काखेत काहीतरी होतं, आणि चेहऱ्यावर घाम."

३

दोरेवाल्याच्या दुकानात रिळांच्या भिंती होत्या. त्या भिंतींच्या मधोमध तो स्वतः एखाद्या मोठ्या रिळासारखा गोल बसलेला असे. मिस्तरिणीला पाहताच त्यानं उगाचच तराजू पुसायला घेतला.

"काल काखेत काय होतं?"

"कुठे? कुणाच्या?"

"तुमच्या. काखा काही दहा नाहीत तुम्हाला."

दोरेवाल्यानं इकडेतिकडे पाहिलं, दुकानाचं फळकूट ओढून घेतलं आणि गल्ल्याखालून एक पुडकं काढलं. मिस्तरिणीनं ते उघडलं. आत अर्धवट संपलेली पाच रिळं होती.

"हलका दोरा दिला मी काकूंना," तो खाली बघत म्हणाला. "भारीच्या डब्यात घालून. काल ऐकलं की शिलाई नापास झाली आणि तू तपासणार. तुला एका हिसक्यात कळलं असतं. म्हणून उरलेली रिळं उचलून आणली. दप्तराला हात नाही लावला, आईशपथ. माझ्या दोऱ्यामुळे त्यांची मशिनं जाणार, या विचारानं डोळ्याला डोळा नाही."

मिस्तरिणीनं एक दोरा ओढून पाहिला. तुटला, पण दोन जोरदार हिसक्यांनंतर. दप्तराला चालण्यासारखा होता.

"तुमच्या दोऱ्यानं नापास झालेलं नाही. कशानंही झालेलं नाही, ते आधीच ठरलेलं होतं. पण हे पाप तुम्ही काकूंसमोर स्वतः बोलायचं, आणि आठशे दप्तरांचा भारी दोरा फुकट द्यायचा."

"देतो," तो लगेच म्हणाला. सुटल्यासारखा वाटला. मग आवाज उतरवून पुढे बोलला, "मागच्या गल्लीतल्या पडदेवालीचंही असंच झालं, ठाऊक आहे? चार मशिनं गेली. लोकांना सांगते, आता वय झालं, विकून टाकली. तिला मास्तरांनी समजावलं, गप्प राहा, चारचौघांत शोभा होईल. भला माणूस. काल काकूंकडेही किती वेळ त्यांची समजूत घालत होते."

मिस्तरिणीचा हात रिळावरच थांबला. पडदेवालीनं मशिनं विकली एवढंच तिनं ऐकलं होतं, फसल्याचं तिला माहीत नव्हतं. मास्तरांना मात्र होतं.

४

मास्तर शिवणवर्ग चालवत. शिवाय छोट्या धंदेवाल्यांचे अर्ज भरून देत, कुणाला कर्ज हवं तर चिठ्ठी देत, सगळं फुकट. कुणाकडे किती मशिनं, कुणाला मोठ्या कामाची आस लागली आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसे. बाईच्या हाती पाना द्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा मिस्तरिणीला पहिलं काम त्यांनीच दिलं होतं. म्हणून वर्गाच्या पायऱ्या ती सावकाश चढली. आपण चुकत असू तर फार बरं, असं तिला वाटत होतं.

"ये, ये," मास्तर नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले. "काकू कशा आहेत?"

वर्गात मुली रेक्झिनच्या तुकड्यांवर सरळ शिलाईचा सराव करत होत्या. भिंतीलगत कापडाखाली झाकलेली सहा मशिनं होती. ती तिनं पहिल्यांदाच पाहिली.

"नवीन घेतलीत? मला महिनाभर बोलावलं नाहीत, म्हटलं मास्तर रागावले की काय."

"देणगी आली. गॅरंटीत आहेत, बाहेरच्या माणसानं उघडायची नाहीत." तिनं कापडाकडे हात नेला, तसे मास्तर मध्ये आले. हसतच आले, पण आले. "हे बघ, काकूंना सांग, तमाशा करू नका. मी त्या साहेबांशी बोललो आहे. निमूटपणे मशिनं दिली तर दोन परत मिळतील. नाहीतर सगळ्या गावाला कळेल की एवढ्या शहाण्या बाईला कुणीतरी टोपी घातली. या वयात अब्रू जपावी माणसानं."

"तुम्ही साहेबांशी कुठे बोललात? त्यांचं ऑफिस तर सापडत नाही."

"फोनवर," मास्तर म्हणाले. किंचित उशिरा म्हणाले.

मिस्तरिणीनं वाद घातला नाही. निघताना एका मुलीच्या पायाशी पडलेला रेक्झिनचा तुकडा तिनं उचलला आणि पिशवीत टाकला. ती मुलगी तीन नंबरच्या जुन्या मशिनावर बसली होती. त्या मशिनाची सगळी कुंडली मिस्तरिणीला पाठ होती.

तुकडा हातात होता, पण जुळवायचा कशाशी? नमुना तर गेलेला. घड्याळात दोन वाजले होते.

५

"काकू, नमुन्याचा एखादा फोटो तरी? काहीतरी?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी एक गुन्हा केलाय," त्या शेवटी म्हणाल्या. "कुणाला बोलले नाही. काल तपासनीस नापास म्हणाला तेव्हाही मला वाटलं, ह्यालाच कळलं असणार, म्हणूनच नापास केलं."

"काय केलंत?"

"कागदावरच्या मापावर मी जन्मात कधी कात्री चालवलेली नाही. आतल्या खिशाचं माप विचित्र दिलं होतं. म्हणून सील वाफेवर धरून सोडवलं, खिसा उसवला, त्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापला. पण रेक्झिनला एकदा सुईची भोकं पडली की पुन्हा तिथेच शिवता येतं का? कळून आलं असतं. मग नवा खिसा शिवून लावला आणि सील खळीनं चिकटवलं."

"आणि जुना खिसा?"

काकूंनी भिंतीकडे बोट दाखवलं. साच्यांच्या जुडग्यात, पुठ्ठ्याला टाचलेला, काळा रेक्झिनचा खिसा लटकत होता. तीन महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मिस्तरिणीनं काकूंना मिठीच मारली. "हा गुन्हा तुम्ही केला नसता, तर आज आपण बुडालो होतो!"

तिनं खिसा उलटा केला, भिंग डोळ्याला लावलं. मशिनाच्या सुईखाली कापड पुढे ढकलणारे लोखंडी दाते असतात. साध्या कापडावर ते खूण ठेवत नाहीत. रेक्झिनच्या उलट्या बाजूला मात्र बारीक ओरखडे उठतात आणि ते कायमचे राहतात. या खिशावर शिलाईच्या उजव्या बाजूला ओरखड्यांची पूर्ण रांग होती. डाव्या बाजूच्या रांगेत दोन दात्यांची जागा कोरी होती. टाक्यामागून टाका, तीच कोरी जागा.

मग तिनं वर्गातून आणलेला तुकडा शेजारी ठेवला.

वर्षभरापूर्वी तीन नंबरच्या मशिनाचे दोन डावे दाते वाकले होते. नवा भाग मिळेना, म्हणून तिनं स्वतः कानस घेऊन ते घासून टाकले होते. मास्तर शेजारी उभे राहून बघत होते.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं रागानं पुसलं आणि भाऊजींना दोन कामं सांगितली. एक, पोलीस चौकी. दोन, पडदेवाली.

६

चार वाजता टेंपो आला. पुढे तपासनीस, मागे दोन हमाल. मास्तरही आले, काकूंना धीर द्यायला. दारात चारही शिवणाऱ्या बायका कात्र्या घेऊन उभ्या होत्या. दोरेवाला भारी दोऱ्याची पेटी घेऊन आला होता. तोंड पाडून का होईना, आला होता.

"मशिनं न्या," मिस्तरीण म्हणाली. "पण आधी मला शिकवा. मी अडाणी. चांगली शिलाई कुठली आणि वाईट कुठली?" तिनं तपासनिसाच्या हातात रेक्झिनचे दोन तुकडे ठेवले. एक काकूंच्या दप्तराचा, एक तो काळा खिसा.

तपासनिसानं दोन्हींवरून अंगठा फिरवला. चार लोक बघत आहेत म्हटल्यावर त्याला चेव आला. "दोन्ही नापास. त्यातही हा काळा तर अगदीच भिकार. टाका बघा कसा नाचतोय."

"नक्की?"

"वीस वर्षं हेच करतोय, बाई."

"हा काळा खिसा तुमच्या परदेशी नमुन्यातला आहे," मिस्तरीण म्हणाली.

तपासनिसाचा अंगठा जागीच थांबला. मास्तर मात्र पुढे सरसावले.

"खोटं बोलू नकोस! नमुन्याचा खिसा जागच्या जागी आहे. काहीतरी तुकडा आणायचा आणि..."

ते थांबले.

"मास्तर," मिस्तरीण हळू म्हणाली, "नमुना सीलबंद होता. आतला खिसा बाहेरून दिसत नाही. आणि काल संध्याकाळपासून तो नमुनाच गायब आहे. त्याचा खिसा जागेवर आहे, हे तुम्ही कधी पाहिलंत?"

मास्तरांनी ओठ ओले केले.

"काल घरी नेऊन सील तोडलंत, खिसा शाबूत दिसला आणि निश्चिंत झालात. तो खिसा काकूंनी शिवलेला आहे, मास्तर. तुमची शिलाई ही. तुमच्या तीन नंबरवरची. ते दाते मी घासलेत. मी ते ओळखणार, हे या गावात एकाच माणसाला ठाऊक होतं."

"एका ओरखड्यावरून तू मला..."

"ओरखडा राहू दे. चला, तुमच्या देणगीच्या मशिनांचं दर्शन घेऊ."

तपासनीस टेंपोकडे सटकला, तर टेंपोच्या दाराशी भाऊजी दोन पोलिसांसह उभे होते. गाल अजूनही गुळगुळीत.

वर्गात सगळ्यांदेखत मिस्तरिणीनं पहिल्या मशिनावरचं कापड ओढलं. हिरवा नवा रंग, नंबराची पट्टी खरवडलेली. तिनं बाजूचं झाकण काढलं आणि उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं. आत बारीक अक्षरांत तारखांची रांग होती. अकरा वर्षांची.

"हे अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "आणि हे मशीन..."

"माझं," मागून आवाज आला. पडदेवाली पुढे आली. तिनं मशिनाच्या चाकावर तळहात ठेवला आणि सगळ्या लोकांसमोर ढसाढसा रडली. "मी विकलं नव्हतं. मला फसवलं होतं. लाजेनं बोलले नाही."

मास्तर खुर्चीत बसले. त्या स्थितीतही त्यांचा आवाज मऊच होता. "काकू, विचार करा. तक्रार केलीत तर तुमचंही नाव सगळीकडे होईल. लोक हसतील."

काकूंनी पोलिसाच्या हातातून कागद घेतला.

"हसू देत की. तीन महिने राबले, आठशे दप्तरं शिवली, एकाचीही शिलाई सुटत नाही. मी कशाला लाजू? लाजायचं काम तुमचं होतं, मास्तर, तेही तुम्ही आमच्याकडून फुकट करून घेत होतात." त्यांनी सही केली. मोठी, पूर्ण नावाची.

मिस्तरीण मास्तरांसमोर उभी राहिली. तिला पुष्कळ बोलायचं होतं. "पहिलं काम तुम्ही दिलं होतंत," एवढंच ती म्हणाली आणि तीन नंबरच्या मशिनाचे दाते काढून पोलिसांच्या पाकिटात टाकायला वळली.

त्या रात्री काकूंनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आणि सकाळी तो दारावर ठोकला: 'मोठ्या ऑर्डरचं आमिष दाखवून मला या कारखान्यात फसवलं गेलं. तुमच्याकडेही असा कुणी आला असेल, तर आत या.' खाली एक नापास दप्तर टांगलं.

"वहिनी, गिऱ्हाईक येईल का असं वाचून?" भाऊजींनी भीत भीत विचारलं.

दहा वाजता मिस्तरीण तेलाची बाटली घेऊन आली, तेव्हा मशिनं धडधडत होती आणि दारात तीन अनोळखी बायका उभ्या होत्या. एकमेकींना त्याही ओळखत नव्हत्या. पुठ्ठ्यावरचं वाचून आत शिरावं की नाही, अशा घुटमळत होत्या. प्रत्येकीच्या हातात एक पारदर्शक पिशवी होती, आणि पिशवीच्या तोंडाला लाल सील.

काकूंनी मशीन न थांबवता मान वर केली.

"या आत. मशिनं चालू आहेत, जरा मोठ्यानं बोलावं लागेल."